नारळी पौर्णिमेची शिफ्ट

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. पायाचं काही नाही; मोबाईलवर मेल आल्याची टिंग वाजली की माझं डोकंच गरगरायला लागतं. सोलापुरात बसून सातासमुद्रापलीकडच्या दुकानांशी बोलायचं, हे माझं काम. आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात आणि ते परदेशी जातात. तिकडच्या कंपनीला जे म्हणायचं असतं ते इंग्रजीत माझ्याकडे येतं, मी ते मराठीत करून शेठना सांगते. शेठ जे म्हणतात ते इंग्रजीत करून तिकडे पाठवते. शेठचं बोलणं तिकडे पोचेपर्यंत बरंच सभ्य झालेलं असतं आणि तिकडचं इकडे येईपर्यंत बरंच सोपं. मधल्यामध्ये उरलेला सगळा ताप माझा.

राहते मी जुळे सोलापुरात. कारखाना पार दुसऱ्या टोकाला, पूर्व भागात, जिथे पूर्वी घरोघरी पॉवरलूम खडखडत असायचे. आमची शेडसुद्धा शेठच्या वडिलांची मागाचीच. माग भंगारात गेले आणि त्या जागी शिलाई मशिनांच्या रांगा आल्या, पण बायका त्याच गल्ल्यांतल्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मशिन दुरुस्त करायला येणाऱ्या मिस्त्रीशी दखनी. या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. अक्का म्हणजे गोड बाई वगैरे अजिबात नाही. जिभेला धार आहे, मुलींना घालूनपाडून बोलतात, आणि मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागले की म्हणतात, मॅडम, फरशी झिजंल, शेठ पगारातनं कापत्याल.

अक्कांचं आणखी एक काम होतं, ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. परदेशी कंपन्यांची माणसं कारखाना तपासायला येतात. कामगारांना बाजूला घेऊन विचारतात, पाणी मिळतं का, कोणी ओरडतं का, सुट्टीच्या दिवशी बोलावतात का. ती येण्याच्या आदल्या दिवशी अक्का बायकांची उजळणी घ्यायच्या. शाळेत पाढे म्हणतात तशी उत्तरं म्हणून व्हायची. नवी मुलगी अडखळली की तिला पुन्हा उभं करायचं. आमचा कारखाना इतरांच्या मानाने बरा होता, खोटं असं फार बोलावं लागत नसे. पण खरं असलं तरी पाठ केलेलंच सांगायचं, अशी सवय सगळ्यांना लागून गेली होती.

आषाढ संपत आला होता तेव्हा ती मेल आली. मी सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर उभी होते आणि अर्थातच मोबाईल काढून बघितला. आमचा त्या वेळचा माल म्हणजे मुलींचे गडद निळे पिनाफोर, शर्टावरून घालायचे बिनबाह्यांचे फ्रॉक. त्यांच्या गळ्याला आणि खिशाला एक बारीक किनार शिवतात, तिला धंद्यात पायपिंग म्हणतात. ती राखाडी ठरली होती. नमुना त्यांनीच पास केलेला, कापड आलेलं, अर्ध्या मालाला ती शिवूनसुद्धा झालेली. आता त्यांना ती फिकट निळी हवी होती. तिकडे कुणाला तरी राखाडी रंग उदास वाटला होता. मेलच्या शेवटी मनःपूर्वक आभार मानले होते आणि माल पाठवायची तारीख तीच ठेवली होती. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून शिव्या द्यायला लागला तेव्हा मला कळलं, सिग्नल केव्हाच सुटला होता.

पायपिंग बदलायची म्हणजे आधी उसवायची. शिवलेल्या नगाचे पैसे असतात, उसवलेल्याचे नसतात. हा नियम कोणी केला मला माहीत नाही, पण तो चालत आलेला आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. मी शेठना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, मला तरी उसवल्याचे कोण देतंय? त्यांचंही खोटं नव्हतं, म्हणूनच माझा जास्त संताप झाला.

शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ उभे राहून बोट फिरवायला लागले. नव्या रंगाचं कापड रंगाऱ्याकडून यायचं, मग उसवायचं, शिवायचं, धागे कापायचे, इस्त्री करून खोक्यांत भरायचं. ट्रक ठरल्या दिवशी बंदराकडे निघाला नाही तर जहाज चुकतं, मग तोच माल विमानाने पाठवायचा आणि भाडं आपण भरायचं, असा करार. विमानाचं भाडं भरलं की त्या ऑर्डरीत घामाशिवाय काही उरत नाही. शेठचं बोट ट्रकच्या तारखेवर गेलं आणि तिथून एक घर मागे सरकलं. त्या घरात नारळी पौर्णिमा होती.

इतरांकडे नारळी पौर्णिमा म्हणजे नारळीभात आणि राख्या. सोलापूरच्या विणकरांचा तो वर्षाचा सण. पुरुष सकाळी जानवं बदलतात, बहिणी भावांकडे जातात, मार्कंडेयाचा रथ निघतो आणि पूर्व भागात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवशी मागाला हात लावायचा नाही. शेठचे वडील तर त्या दिवशी शेडला कुलूप घालून किल्ली देवाजवळ ठेवत, असं शेठच कौतुकाने सांगायचे. माग गेले, मशिनं आली, तरी कुलूप चुकलं नव्हतं. शेठनी कॅलेंडरवरचं बोट काढलं आणि म्हणाले, यंदा बघू काहीतरी.

हे अक्कांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. मग धागे कापायच्या टेबलापाशी त्यांनी मला त्यांच्या भावाचं सांगितलं. भाऊ टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं होतं, दोन्ही बाजूंनी नको ते बोललं गेलं होतं, आणि तेव्हापासून राखी बंद होती. एकाच शहरात राहून कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. आणि मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

“पुनवेला ये, म्हनला. बास. ठिवला फोन,” अक्का म्हणाल्या. “आता न्हाय गेले तर काय समजंल त्यो? बोलावल्यावरबी आली न्हाय म्हनंल. पुन्यांदा फोन करनारा मानूस न्हाय त्यो, मॅडम.”

मी म्हटलं, तुम्ही एकट्या सुट्टी घ्या, मी शेठशी बोलते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. सगळ्या बायकांना सणाच्या दिवशी कामाला या म्हणून सांगायचं आणि आपण राखी घेऊन जायचं, म्हणजे गल्लीतल्या बायका तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

त्यानंतर मी नुसती तडफडत होते. घरी भाजी करपवली. पुन्हा पुन्हा मनातल्या मनात त्या कंपनीला खरमरीत मेल लिहायची आणि पुसायची. आणि अशात त्याच कंपनीची एक बाई आम्हाला भेटायला येणार असल्याचं कळलं. तपासणीला नव्हे. तिने आधी मला फोन करून नीट समजावून सांगितलं. त्यांच्या कंपनीने ठरवलं होतं की नुसते कारखाने तपासून भागणार नाही, आपण माल घेतो ती पद्धतही तपासायची. आपण दिलेले दिवस पुरतात का, मध्येच केलेल्या बदलांचा त्रास कुणाला होतो, हे माल शिवणाऱ्यांनाच विचारायचं. आणि दिवस कमी पडत असतील तर वाढवून द्यायचे. मी फोन ठेवला आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्या पायांनी चालत येत होतं.

बाई हैदराबादहून गाडीने आली. उंच, उन्हाने लाल झालेली, आवाज एकदम हळू. शेठनी घरून जेवण मागवलं होतं. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तिने ताटात काही टाकलं नाही, आणि शेठ तिच्यावर बेहद्द खूश झाले. जेवण झाल्यावर तिने विचारलं, पायपिंग बदलल्यामुळे तुम्हाला दिवस कमी पडतायत का? मी ते मराठीत सांगितलं.

“काही अडचण नाही म्हणावं,” शेठ म्हणाले. “होतंय की.”

मी म्हटलं, शेठ, त्या खरंच विचारतायत. त्यावर ते मलाच म्हणाले, मग मी तरी खोटं कुठं सांगतोय, सण-रविवार धरून होईलच की. आणि पुढे म्हणाले, मॅडम, पाहुण्याच्या ताटात अडचण वाढायची नसते. मला शेठ कळतात, हेच माझं दुखणं आहे. ते काही कामगारांच्या जिवावर उठलेले नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर ‘होतंय की’ म्हणून ऑर्डरी मिळवल्या, त्याला ‘होत नाही’ हे दोन शब्द तोंडातून काढणं म्हणजे भर चौकात पागोटं उतरवून देण्यासारखं होतं. आपण नाही म्हटलं की ऑर्डर दुसऱ्या गावाला, नाहीतर दुसऱ्या देशाला जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत केलं.

बाई हुशार होती. तिने मान हलवली आणि शेडमधल्या कुणाशी तरी बोलायचंय म्हणाली. शेठनीच अक्कांना बोलावलं. अक्का आल्या त्या तपासणीला येतात तशा, पदर सारखा करून, हात पुढे बांधून. बाईने विचारलं, कामाला दिवस पुरतात का. पुरतात की, अक्का म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी यावं लागतं का? न्हाय. सण असला तर? सनाला बंद असतंय. एकेक उत्तर घोटीव, चेहऱ्यावर हसू. जी बाई धागे कापायच्या टेबलापाशी मला भावाचं सांगून गेली होती तीच ही. मला ते ऐकवेना. मी मराठीतच म्हटलं, अक्का, ही तपासणी नाही, पुनवेचं सांगा तिला.

अक्कांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं, पाहुणीला काही कळू नये म्हणून. “मॅडम, इतकी वर्सं ह्येच इचारत्यात आन ह्येच सांगायचं शिकीवलंय. आजचं खरं हाय हे मला कसं कळावं? ही बाई सांजच्याला जानार. हितं शेठ हायत आन मी हाय.”

बाईने मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी म्हणाले, त्या म्हणतात दिवस पुरतात. पण खरं म्हणजे पुरत नाहीत. आणि मग मी थांबलेच नाही. उसवण्याचं सांगितलं, पौर्णिमेचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. अक्कांच्या भावाचं तेवढं सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क मला नव्हता. शेठना इंग्रजी नीट बोलता येत नसलं तरी ऐकून बरंचसं कळतं. ते कानांपर्यंत लाल झाले, हसले, आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले की मॅडमना काळजी करायची सवय आहे. बाई दोघांकडे बघत राहिली. मग तिने मला सांगितलं, मला तुमचं पटतं, पण एकटीला ठरवता येत नाही. किती दिवस हवेत आणि का, हे कारखान्याच्या मालकांकडून लिहून येऊ द्या, मी ते पुढे रेटते. मालकांकडून, असं तिने दोनदा सांगितलं. गाडीत बसताना तिने अक्कांना नमस्कारही केला.

ती गेल्यावर शेठ मला एवढंच म्हणाले, की पाहुण्यासमोर घरातलं धुणं काढलंत. पुढे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हिशेबनिसामार्फत निरोप यायचे. तिकडे नव्या रंगाचं कापड आलं होतं आणि उसवणं सुरू झालं होतं. एरवी शेडमध्ये मशिनांचा एकसारखा आवाज असतो, त्यात माणूस हरवून जातो. उसवताना मशिनं बंद. नुसता कात्र्यांचा आणि धागे ओढल्याचा आवाज. बायका खाली माना घालून आपलंच काम आपल्या हातांनी मोडत होत्या, आणि मी दर थोड्या वेळाने शेठच्या केबिनच्या काचेसमोरून जात होते, मुद्दाम, दिसावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. म्हणाले, लिहा त्यांना, पण मी सांगतो तसं. ‘हवेत’ असं नको, ‘मिळाले तर बरं होईल’ असं घाला. मी विचारलं, सण बुडतो असं लिहू? ते म्हणाले, सणाचं मुळीच नको, लोक म्हणतील यांच्याकडे बारा महिने सण. किती दिवस लिहू? आकडा नको, अधाशी दिसतं. असं करत करत जी मेल तयार झाली तिचा अर्थ होता, शक्य असल्यास थोडे दिवस वाढवून मिळाल्यास आनंद होईल, न मिळाल्यास ठरल्या तारखेला माल देऊच. मी शेठना म्हटलं, ही मागणी नाही, हा दिवाळीचा शुभेच्छासंदेश आहे. ते म्हणाले, त्यांना कळायचं ते कळतं. तारीख जवळ येत चालली होती. मालकांच्या नावाने दुसरं काही पाठवायची सोय नव्हती, म्हणून मी तीच पाठवली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, भीड भिकेची बहीण. मी तिच्यावरच ओरडले.

मग वाट बघणं. मी मोबाईल उशाशी घेऊन झोपायची, आंघोळीला जाताना कोनाड्यात ठेवायची. बाईला मी वेगळा मेसेज केला. ती म्हणाली, तुमचं पत्र कंपनीच्या समितीपुढे ठेवलंय, पण त्यात घाई असल्याचं काही नाही, त्यामुळे ते नेहमीच्या रांगेत आहे. मी तिला पुन्हा सगळं कळवलं. ती म्हणाली, प्रयत्न करते. ती करत असणार, माझा तिच्यावर विश्वास आहे. पण रांग ती रांग.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी शेठ स्वतः शेडमध्ये येऊन उभे राहिले आणि फक्त यंदाच्या वर्षी या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तेलुगूत सांगितलं. कोणीही काही बोललं नाही. जरा वेळाने मागच्या रांगेतून एकीने विचारलं, चहा-नाश्ता असणार का, आणि शेठ घाईघाईने हो म्हणाले. मला त्या शांततेची भयंकर चीड आली, शेठपेक्षाही त्या गप्प बसण्याची. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. पण आरडाओरडा करून घरी गेल्यावर काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्या संध्याकाळी अक्का म्हणाल्या, मला नव्या पेठेत सोडता का. मी स्कूटर लावून त्यांच्याबरोबरच फिरले. राख्यांच्या गाड्यांभोवती ही गर्दी. अक्कांनी निम्मी पेठ पालथी घातली. मोत्यांची नको, चमकणारी नको. शेवटी एक साधी लाल दोऱ्याची निवडली. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी बांधताय, जरा भारी घ्या की, ही गोंड्याची बघा. “गोंडा नको,” त्या म्हणाल्या, “मागात अडकतुया.” मग राखी ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवली आणि स्कूटरवर येऊन बसल्या. मी विचारलं नाही की बांधणार केव्हा.

पौर्णिमेच्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. रस्त्यात जागोजागी रांगोळ्या, पांढरे कपडे घातलेले पुरुष, नव्या फ्रॉकमधल्या मुली. शेड उघडी होती. शेठ दारात उभे होते, कपाळाला गंध, झब्ब्याच्या गळ्यातून नवं पिवळं जानवं दिसत होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बायका आल्या त्या सणाच्या साड्या नेसून, डोक्यात गजरे घालून. घरचं उरकून धावत आल्या होत्या, काहींच्या हाताला अजून नारळाचा वास होता. मशिनं सुरू झाली. दुपारी लांबून ढोल ऐकू यायला लागले. आवाज वाढत गेला, मग कमी होत गेला, आणि एकाही बाईने मान वर केली नाही. अक्का रांगांमधून फिरत होत्या. नेहमीसारखं टोचून बोलत नव्हत्या, आणि ते मला जास्त लागलं.

ऊन कलल्यावर टिंग वाजली. मेल कंपनीची होती. तुमच्या पत्राबद्दल आभार, त्यात निकड लिहिलेली नसल्याने उत्तराला वेळ लागला, तरी तुमची विनंती मान्य करून माल पाठवण्याची तारीख दहा दिवस पुढे नेण्यात येत आहे. शेवटी सणाच्या शुभेच्छासुद्धा होत्या. त्या माझ्या मैत्रिणीने, म्हणजे त्या पाहुण्या बाईने घातल्या असणार. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि शेठच्या टेबलावर मोबाईल आपटला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हे. शेठनी वाचलं. चष्मा काढून पुसला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, किती राहिलंय? मी म्हटलं, थोडंच. ते म्हणाले, मग आता बायकांना उठवून तरी काय, होऊनच जाऊ द्या.

मी वळले. शेडच्या दाराशी मोठा खटका आहे, तिथपर्यंत चालत गेले आणि तो खाली ओढला. सगळी मशिनं एकदम थांबली. बायकांना वाटलं लाईट गेली. अर्ध्या शिवलेल्या पिनाफोरवर हात ठेवून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. केबिनच्या दारात शेठ येऊन उभे राहिले. आता हे मला सगळ्यांसमोर काढून टाकणार असं मला वाटलं, आणि वाटलं तर वाटलं. पण ते तेलुगूत एवढंच म्हणाले, जा घरी. खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या. अक्का सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या. त्यांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं काम झटक्यात झालं. माल खोक्यांत भरून तयार. ट्रक मात्र नव्हता. तारीख पुढे गेली म्हणून बंदरावरचं बुकिंग नव्या तारखेचं झालं होतं, आता दहा दिवस तो माल इथेच राहायचा. गोदामात जागा नव्हती म्हणून खोकी जिन्याजवळच्या बोळात छतापर्यंत रचली. बायकांना तिथून अंग चोरून जावं लागत होतं. त्या खोक्यांपाशी मी अक्कांना गाठलं आणि विचारलं, काय झालं?

भाऊ घरी नव्हता, त्या म्हणाल्या. भावजयीने बसवलं, पाणी दिलं, आणि ती नीट काही सांगेना. अक्कांना वाटलं, मी सकाळी आले नाही म्हणून मुद्दाम बाहेर गेला. ओवाळायचं ताट तसंच ठेवून त्या उठल्या. भावजयीने हात धरला नसता तर गेल्याच असत्या. दिवे लागल्यावर तो आला. भुवयांवर, केसांत, सगळीकडे टॉवेलाचा कापूस. त्याच्याही कारखान्यात परदेशाची ऑर्डर होती आणि त्यालाही सुट्टी दिली नव्हती.

“दारातच उबा ऱ्हायला,” अक्का सांगत होत्या. “मला म्हनला, तू सकाळी यिऊन बसून गेली आसशील, बोलावलं आन सवता न्हाय म्हनून शिव्या दिऊन गेली आसशील. म्हनून पाय उचलत नव्हता म्हनं, चौकात उबा हुता. मी म्हनलं, मी आत्ताच आले. कुटं हुतीस म्हनला. म्हनलं, कामावर.”

मग त्याला पाटावर बसवलं, त्या म्हणाल्या. राखी बांधली, त्याने पेढा दिला, त्याच्या मनगटावरचा कापूस आधी झटकावा लागला. हे सांगताना अक्का हसत होत्या. मी हसू शकले नाही. एका बहिणीला आणि एका भावाला एकाच दिवशी, एकाच शहरात, दोन वेगळ्या कंपन्यांनी अडकवून ठेवलं होतं, आणि दोघंही दिवसभर दुसऱ्याला तोंड कसं दाखवायचं म्हणून लाजत होती. ज्यांनी लाजायला हवं होतं त्यांच्यातलं कोणीच लाजलं नव्हतं. मी तसं म्हटलंही, बऱ्याच मोठ्या आवाजात.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग छतापर्यंत गेलेल्या त्या थप्पीकडे. हाताने एका खोक्यावर थोपटल्यासारखं केलं.

“बगा की,” त्या म्हणाल्या. “धा दिवस मिळाले. ह्यांना.”

मागून बायका यायला लागल्या होत्या. अक्का भिंतीला पाठ लावून खोक्यांच्या कडेने सरकल्या आणि रांगेत जाऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या.